गेम कोणाचा? टक्क्यांपलीकडचा हिशेब

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा विचार करून आखलेल्या या धोरणासाठी ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद दाखविण्यात आली आहे. त्याच्या अगदी आधी, ऑगस्टमध्ये, संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स व करमणुकीच्या खेळांना उत्तेजन देण्याची भूमिकाही नोंदविली. पत्त्यांच्या आणि पैजेच्या ॲपकडे वळलेले भांडवल व मनुष्यबळ आता खऱ्या अर्थाने ‘गेम’ घडविण्याकडे वळेल, अशी अपेक्षा त्यामागे आहे.

ही अपेक्षा रास्त आहे. पण तिच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. पुण्यात, मुंबईत किंवा पणजीत बसून कोणी गेमची कथा रचली, पात्रे रेखाटली, वर्षानुवर्षे खपून ती पडद्यावर चालती-बोलती केली, तरी त्या गेमची मालकी आणि मिळकत त्यांच्याकडेच राहील काय? याचे उत्तर धोरणाच्या दस्तऐवजात नसते. ते गेम घडविणारा स्टुडिओ आणि त्याला पैसा पुरवून बाजारात आणणारा प्रकाशक यांच्यातील करारात असते. या कराराकडे आपल्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

एक कागद, तीन नाती

मराठी वाचकाला लेखक आणि प्रकाशक यांचा व्यवहार परिचित आहे. लेखक हस्तलिखित पूर्ण करून आणतो, प्रकाशक ते छापतो व विकतो, आणि ठरल्याप्रमाणे मानधन देतो. एकरकमी पैसे घेऊन ‘सर्व हक्क’ देऊन टाकल्यावर पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि लेखकाच्या वाट्याला केवळ समाधान आले, अशा कहाण्याही साहित्यव्यवहारात नव्या नाहीत. गेमच्या व्यवहारात ही गुंतागुंत वाढते, कारण प्रकाशक येतो तेव्हा गेम सहसा पूर्ण झालेला नसतो. दहा-पंधरा माणसांचे दोन-तीन वर्षांचे वेतन, यंत्रसामग्री, संगीत, चाचण्या, भाषांतरे हा सारा खर्च प्रकाशक आगाऊ पुरवितो. म्हणजे तो एकाच वेळी सावकार असतो, विक्रेता असतो आणि नफ्यातील भागीदारही असतो. तिन्ही नाती एकाच कागदावर येतात आणि एका नात्यातील सवलत दुसऱ्या नात्यातून वसूल करता येते.

प्रकाशकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. बाजारात आलेले कित्येक गेम लावलेला पैसासुद्धा परत मिळवून देत नाहीत. अपयशाचे ओझे प्रकाशक उचलतो, म्हणून यशात त्याने मोठा वाटा मागावा हे स्वाभाविकच आहे. त्यामुळे प्रश्न प्रकाशक लबाड आहे का, असा नसतो. कोणत्या जोखमीच्या बदल्यात कोणता हक्क दिला जात आहे, हे स्टुडिओला सही करताना नेमके उमगले आहे का, एवढाच तो असतो.

पन्नास टक्क्यांचे तीन अर्थ

वाटाघाटीत पहिली चर्चा होते ती टक्क्यांची. ‘निम्मा वाटा तुमचा’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते. परंतु निम्मा वाटा कशातला, हे त्या वाक्यात नसते. समजा, प्रकाशकाने निर्मितीसाठी दोन कोटी आणि जाहिरातीसाठी एक कोटी रुपये खर्च केले. गेमची एकूण विक्री पाच कोटींची झाली. स्टीमसारखे ऑनलाइन दुकान साधारणपणे ३० टक्के स्वतःकडे ठेवते. कर आणि परताव्यांचा हिशेब बाजूला ठेवला, तर साडेतीन कोटी उरतात.

पहिल्या करारात असे लिहिले आहे की, निर्मिती व जाहिरात असा सर्व खर्च आधी वसूल होईल आणि मग उरलेली रक्कम निम्मी-निम्मी वाटली जाईल. तीन कोटी वजा होऊन ५० लाख उरतात. स्टुडिओला २५ लाख मिळतात. दुसऱ्या करारात केवळ निर्मितीचा खर्च वसूलपात्र आहे. दोन कोटी वजा होऊन दीड कोटी उरतात; स्टुडिओला ७५ लाख मिळतात, मात्र प्रकाशक २५ लाखांच्या तोट्यात जातो. तिसऱ्या करारात स्टुडिओला दिलेली आगाऊ रक्कम स्टुडिओच्याच वाट्यातून फेडायची आहे. साडेतीन कोटींचा निम्मा वाटा पावणेदोन कोटी होतो, आगाऊ रक्कम दोन कोटींची आहे. स्टुडिओच्या हाती काहीच येत नाही, उलट खात्यावर २५ लाख येणे बाकी राहतात. प्रकाशक मात्र तीन कोटी घालून साडेतीन कोटी घेऊन जातो.

तिन्ही करारांत ‘पन्नास टक्के’ हाच आकडा आहे. पहिल्या करारात भांडून वाटा साठ टक्क्यांवर नेला, तरी स्टुडिओला २५ ऐवजी ३० लाख मिळतील, म्हणजे पाच लाखांचा फरक पडेल. वसुलीच्या एका व्याख्येने पडणारा फरक त्याच्या दहापट आहे. म्हणून अनुभवी वाटाघाटकार टक्क्यांआधी ‘निव्वळ उत्पन्न’ आणि ‘वसूलपात्र खर्च’ या दोन संज्ञांवर वेळ घालवितो. जाहिरातखर्चाला कमाल मर्यादा असावी, त्यापुढील खर्चास स्टुडिओची लेखी संमती लागावी, वसुली चालू असतानाही विक्रीतील लहानसा हिस्सा स्टुडिओला मिळत राहावा आणि हिशेबाची वह्या-वहीनिशी तपासणी करण्याचा हक्क असावा, या मागण्या प्रकाशकाला बुडविणाऱ्या नाहीत. त्या दोघांचा तोटा आणि दोघांचा नफा वाजवी मर्यादेत ठेवतात.

एका गुणाची किंमत

आकड्यांचा दुसरा सापळा बक्षिसाच्या कलमात असतो. अमेरिकेतील ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा गेम घडविला, तो २०१० मध्ये आला. स्टुडिओचे सहसंस्थापक ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले की, या कामाचे मोल ठोक रकमेत ठरले होते, विक्रीवर रॉयल्टी नव्हती. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले तरच बक्षीस मिळणार होते. गेमला ८४ गुण मिळाले.

हा गेम पुढे त्या मालिकेतील सर्वांत लाडक्या गेमपैकी एक ठरला, पण कराराला लाडकेपण मोजता येत नाही. तो लिहिलेले तेवढेच मोजतो. येथे प्रकाशकाने शब्द मोडला, असेही म्हणता येणार नाही. चूक मोजपट्टीची होती. जे स्टुडिओच्या हातात नाही, त्या तिऱ्हाइताच्या सरासरीवर मेहनतान्याचा भाग टांगला गेला होता. विक्रीच्या टप्प्यांनुसार वाढत जाणारे बक्षीस त्यापेक्षा सरळ आणि तपासता येण्याजोगे असते.

वीस वर्षांत परत मिळवलेले हक्क

मालकीचा प्रश्न कसा सुटत जातो, हे फिनलंडमधील रेमेडी या कंपनीच्या वाटचालीत स्पष्ट दिसते. १९९५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०१७ मध्ये हेलसिंकीच्या शेअर बाजारात नोंदली गेली. त्यामुळे तिचे अनेक व्यवहार सार्वजनिक आहेत.

तिचा ‘मॅक्स पेन’ हा गेम २००१ मध्ये जगभर गाजला. पुढच्याच वर्षी रेमेडीने आणि सहमालक असलेल्या थ्रीडी रेल्म्सने या गेमचे हक्क टेक-टू या अमेरिकी प्रकाशकाला विकले. मोबदला होता एक कोटी डॉलर रोख आणि टेक-टूचे समभाग. लहान कंपनीसाठी ही रक्कम मोठी होती आणि तिने पुढील कामाला बळही दिले. पण २०१२ मध्ये मालिकेचा तिसरा भाग आला तो टेक-टूच्याच रॉकस्टारने केलेला. जन्मदात्यांचा त्यात हात नव्हता. २०२२ मध्ये पहिल्या दोन भागांची नवी आवृत्ती करण्याचे काम पुन्हा रेमेडीकडे आले, ते रॉकस्टारच्या पैशाने आणि रॉकस्टारचा खर्च वसूल झाल्यावरच रॉयल्टी मिळेल या अटीवर. एके काळी आपले असलेले घर डागडुजीसाठी कंत्राटावर मिळावे, तसे हे झाले.

त्यानंतरच्या करारांत रेमेडीचे धोरण बदललेले दिसते. २०१० चा ‘ॲलन वेक’ मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केला. परंतु गेमची मूळ मालकी रेमेडीने स्वतःकडे ठेवली. त्यामुळे २०१९ मध्ये प्रकाशनाचे हक्क तिच्याकडे परत आले. त्याच वर्षीच्या ‘कंट्रोल’साठी ५०५ गेम्स या प्रकाशकाशी करार झाला. मालकी रेमेडीचीच होती, तरी प्रकाशनाचे हक्क दिलेले होते. ते परत घेण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ७० लाख युरो मोजावे लागले. मालकी राखूनही प्रकाशनहक्क किती महाग पडू शकतात, याचा हा रोकडा पुरावा आहे.

‘ॲलन वेक २’साठी एपिक गेम्सशी करार झाला. एपिकने मार्च २०२० मध्ये आपल्या प्रकाशन-योजनेच्या अटी उघडपणे जाहीर केल्या होत्या: मालकी आणि सर्जनशील नियंत्रण स्टुडिओकडे, निर्मितीखर्च शंभर टक्क्यांपर्यंत प्रकाशकाकडून, आणि खर्च वसूल झाल्यावर नफ्याचा किमान निम्मा वाटा स्टुडिओला. अटी उदार होत्या, पण फुकट नव्हत्या. संगणकावर हा गेम केवळ एपिकच्याच दुकानात मिळाला. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकीचे स्टीम त्याला बंद राहिले. गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, तरी निर्मिती व प्रसिद्धीचा खर्च पूर्ण वसूल होऊन रॉयल्टी सुरू व्हायला २०२४ ची अखेर उजाडली. चांगल्या करारातही स्टुडिओला वर्षभराहून अधिक काळ तग धरावा लागतो, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

ही गोष्ट सुखान्त आहे, असेही नाही. जून २०२५ मध्ये रेमेडीने ‘एफबीसी : फायरब्रेक’ हा गेम स्वतःच प्रकाशित केला. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा बराच कमी मिळाला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीला त्याचे पुस्तकी मूल्य सुमारे दीड कोटी युरोंनी कमी करावे लागले. प्रकाशक नसला की हक्क सगळे आपले असतात आणि तोटाही सगळा आपलाच असतो.

बिघडल्यावर काय?

सही करताना दोन्ही पक्ष आनंदात असतात, म्हणून संबंध बिघडल्यावर काय, हे कलम घाईने वाचले जाते. युक्रेनमधील फ्रॉगवेअर्स या स्टुडिओने ‘द सिंकिंग सिटी’ हा गेम २०१९ मध्ये फ्रान्सच्या नाकॉन या प्रकाशकामार्फत आणला. पुढे ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले नाहीत, असे म्हणत स्टुडिओने करार संपविला. प्रकाशकाने हे आरोप फेटाळले. वाद फ्रान्सच्या न्यायालयांत गेला. मध्यंतरी गेम अनेक दुकानांतून नाहीसा झाला, पुन्हा आला आणि कोणती आवृत्ती अधिकृत यावरून जाहीर खडाजंगी झाली. अखेर जानेवारी २०२४ मध्ये फ्रॉगवेअर्स या गेमचा एकमेव प्रकाशक झाला. गेमची मालकी आरंभापासून स्टुडिओचीच होती. पण ऑनलाइन दुकानांतील गेमची पाने ज्याच्या खात्यावर, त्याच्या हाती प्रत्यक्ष गल्ला असतो. मालकीचा कागद एकाकडे आणि दुकानाची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही अवस्था होती. म्हणून करार संपल्यावर किती दिवसांत दुकानांतील पाने, परीक्षणे आणि विक्रीची माहिती स्टुडिओच्या खात्यावर वर्ग होईल, हे लिहून घेणे मालकीच्या कलमाइतकेच महत्त्वाचे ठरते.

प्रकाशकच अडचणीत आला तर? स्वीडनच्या स्टारब्रीझ या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाकडे पुनर्रचनेसाठी अर्ज केला, तेव्हा तिच्याकडे इतर स्टुडिओंच्या अपूर्ण गेमचे प्रकाशनहक्क होते. ‘सिस्टिम शॉक ३’चे हक्क ते घडविणाऱ्या स्टुडिओकडे परत गेले, ‘सायकोनॉट्स २’चे हक्क १ कोटी ३२ लाख डॉलरना मायक्रोसॉफ्टकडे गेले. प्रकाशकाच्या दिवाळखोरीत गेमचे हक्क ही विकाऊ मालमत्ता बनते. टप्प्याचा हप्ता ठरावीक दिवसांत न आल्यास हक्क आपोआप स्टुडिओकडे परततील, हे वाक्य अशा वेळी स्टुडिओला वाचवू शकते.

टप्प्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. हप्ता मिळतो तो प्रकाशकाने काम ‘मंजूर’ केल्यावर. मंजुरीला मुदतच नसेल, तर महिनाभराचे मौनही स्टुडिओचे वेतन थांबवू शकते. ठरावीक दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर काम मंजूर समजावे, एवढी ओळ त्यावर पुरेशी असते.

भारतीय कायद्याचे कवच

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ या बाबतीत अगदीच मुका नाही. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही, तर ते हस्तांतरण संपते. मात्र शेवटच्या तरतुदीला ‘करारात अन्यथा नमूद नसल्यास’ अशी पुरवणी आहे. ‘जगभर, सर्वकाळ, सर्व माध्यमांत’ हे शब्द करारात आले की कायद्याने दिलेले कवच स्टुडिओ स्वतःच्या सहीने उतरवून ठेवतो. त्यातच प्रकाशक परदेशी असला की त्याच्या देशाचा कायदा आणि तिथले लवादाचे ठिकाण लिहिले जाते. दहा जणांच्या स्टुडिओला परदेशात जाऊन दाद मागणे परवडणारे नसते.

दुसरी जबाबदारी स्टुडिओची स्वतःची आहे. नोकरीतील कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक सामान्यतः मालक-कंपनी असते. पण बाहेरून काम करून देणारा चित्रकार, संगीतकार किंवा प्रोग्रॅमर यांच्याकडून लेखी हस्तांतरण घ्यावे लागते. मित्राने मैत्रीखातर दिलेली चाल किंवा पात्राचे चित्र कागदाविना वापरले असेल, तर ‘या गेमचे सर्व हक्क आमचेच आहेत’ ही प्रकाशकाला दिलेली हमी खोटी ठरते, आणि त्या हमीचा भंग हे करार मोडण्याचे आयते कारण होते.

बळ येते कोठून?

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमची वाट या संदर्भात आठवते. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही. नंतर एपिककडून अनुदान मिळाले, पुढे सुपर डॉट कॉम हा प्रकाशक लाभला आणि २०२० मध्ये गेम जगभर पोहोचला. भारतीय पुराणकथा आणि स्थापत्य यांवर बेतलेला गेम जागतिक दुकानांत मानाने उभा राहिला, हे यश निर्विवाद आहे. त्यातील अनुदानाचा टप्पा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. असे अनुदान परत करायचे नसते आणि त्याच्या बदल्यात गेमचे हक्कही द्यायचे नसतात.

वाटाघाटीतील बळ वक्तृत्वातून येत नाही. ते ‘नाही’ म्हणता येण्यातून येते. तीन महिन्यांनी वेतनाला पैसे उरणार नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे, तो कोणत्याही व्याख्येवर सही करतो. खेळता येण्याजोगा नमुना हाती असलेला आणि सहा महिने तग धरू शकणारा स्टुडिओ तोच करार दोन-तीनदा परत पाठवू शकतो. ब्रिटनमधील यूके गेम्स फंड नमुना-गेमसाठी अनुदान देतो. फिनलंडच्या सरकारी संस्थेने तेथील गेम कंपन्यांना दीर्घकाळ निधी व कर्जे पुरविली. रेमेडीसारख्या कंपन्या ज्या भूमीत वाढल्या, तिचा कस असा तयार झाला.

आपल्याकडील धोरणांचा भर उद्याने, प्रशिक्षण आणि गुंतवणुकीच्या आकड्यांवर असतो. त्यांची गरज आहेच. परंतु त्यांतून कुशल हात तयार होतील, मालक तयार होतीलच असे नाही. परदेशी स्टुडिओंचे काम ठोक दराने करून देणारा उद्योग आणि स्वतःच्या गेमची मालकी असलेला उद्योग यांतील अंतर कराराच्या कागदावर ठरते. स्वीडनच्या रॉ फ्युरी या प्रकाशकाने २०२१ मध्ये आपला प्रकाशन-करार सर्वांना वाचण्यासाठी खुला केला. तसा एखादा नमुना-करार, मराठीतील समजुतीच्या टिपांसह, सरकार किंवा उद्योगसंघटना उपलब्ध करू शकते. पहिल्या करारासाठी जाणकार वकिलाचे शुल्क अनुदानातून देता येईल. नमुना-गेमसाठी लहान, हक्क न मागणारी अनुदाने देता येतील.

या तिन्ही गोष्टींना हजारो कोटी लागत नाहीत. मोठी उद्याने उभारण्याइतकी जमीन आणि तिजोरी नसलेल्या गोव्यासारख्या लहान राज्याला तर हाच मार्ग अधिक पेलणारा आहे. पर्वरीतील चार तरुणांच्या संचाला इमारतीपेक्षा आधी सहा महिन्यांची उसंत आणि करार वाचून देणारा वकील लागेल. ते मिळाले, तर त्यांनी घडविलेल्या गेमचा दुसरा भाग कोण काढणार, हे तेच ठरवू शकतील.